काकूंचे तिकडचे लोक

पनवेलला बिऱ्हाड थाटलं त्या पहिल्या महिन्यात माझी पक्की समजूत झाली होती, की आमच्या घरमालकीणबाईंचं सासर म्हणजे भलतंच तालेवार घराणं असणार. उठल्याबसल्या तिकडच्या लोकांचं कौतुक.

"तिकडचे लोक शिळ्या अंथरुणावर झोपायचे नाहीत हो. रोज संध्याकाळी नवं अंथरूण." हे मी सकाळी गाद्या न उचलता चहा टाकला म्हणून.

"तिकडच्या बायका पोराला वर्षानुवर्षं अंगावरून खाली ठेवत नाहीत. तू मेली, रडलं की टाकतेस पाळण्यात."

"तिकडे एक झालं की सात-आठ वर्षं दुसऱ्याचं नाव काढत नाहीत. आणि तुझं काय चाललंय?"

माझा थोरला तेव्हा रांगत होता आणि दुसऱ्याची चाहूल लागलेली. मी आपली मान खाली घालून तांदूळ निवडायची आणि यापेक्षा आपली सासू परवडली असं मनात म्हणायची. मग एक दिवस काकू म्हणाल्या, "पाऊस आला की मोठं पान तोडून डोक्यावर धरतात, पण झाडावरून खाली म्हणून उतरायचे नाहीत." माझ्या हातातलं सूप तिथेच थांबलं. सासरची माणसं झाडावर?

"काकू, तुम्ही हे कुणाबद्दल बोलताय?"

"कुणाबद्दल म्हणजे? इतके दिवस ऐकत्येस काय मग?" त्यांनी मला हाताला धरून माजघरात ओढत नेलं. भिंतीवर सासरे होते, सासूबाई होत्या, दत्त होते आणि दत्तांच्या शेजारी, काळ्या चौकटीत, एक केसाळ बाई एका हाताने फांदीला लोंबकळत होती. तिच्या कुशीला एक पोर चिकटलेलं, डोळे एवढे मोठे. फोटोला ताजं जास्वंद वाहिलेलं होतं.

"ह्या बघ. नमस्कार कर."

मी केला. काय करणार? जागा हवेशीर होती.

काकूंचे यजमान, म्हणजे आमचे काका, तरुणपणी बोर्निओ बेटावर एका इंग्रज लाकूड कंपनीत हेडक्लार्क होते. आपटा गावच्या नदीपलीकडे कधी न गेलेली मुलगी लग्न होऊन एकदम बोटीत बसली आणि थेट बोर्निओला उतरली. घराच्या मागे रान आणि रानात वनमाणसं. काकूंच्या तोंडी माकड हा शब्दच नव्हता. "शेपूट आहे का त्यांना? नाही ना? मग माकड कसली?" लढाई पेटायच्या जरा आधी दोघं परत आली, वडाळे तळ्याच्या अंगाला चार बिऱ्हाडांची चाळ बांधली आणि तेव्हापासून काकू पनवेलकरांना एकच गोष्ट सांगत होत्या, की तिकडचे लोक संपत चालले आहेत आणि कुणाला त्याचं काही नाही.

"संपतील कसे? एवढं मोठं रान आहे म्हणता," मी एकदा म्हटलं.

"अगं, एकीला मारलं की तिच्या जागी दुसरी यायला केवढी वर्षं लागतात! त्या तुझ्यासारख्या असत्या तर मला घोर नव्हता."

असं बोलायच्या. दिसायला ठेंगण्या, ठसठशीत, चष्म्याच्या काड्यांना दोरा बांधलेला आणि हातात बारा महिने छत्री. पनवेलात त्यांना सगळे बोर्निओच्या काकू म्हणत, समोर आदराने आणि मागे फिदीफिदी हसून. हसणाऱ्यांत मी पहिली, हे कबूल करायला मला काही लाज वाटत नाही. हसू येण्यासारखंच होतं ते सगळं.

चाळीचा नियम होता, पोरांना "माकडा" म्हणून रागवायचं नाही. म्हणाल तर अंगण झाडायचं. आमचे हे एसटीत, स्वभावाने तापट, आणि थोरला अंगावर शाई सांडून घेणारा. रविवारच्या रविवार आमचं अंगण आरशासारखं असायचं. हळदीकुंकवाला काकूंना नाव घ्यायला सांगायची कुणाची छाती नसे, पण त्या न सांगताच घेत:

"उंच उंच झाडावर माय बसली लेकरू घेऊन,
अमुकरावांचं नाव घेते, बंदुका द्या फेकून."

अमुकरावांच्या जागी काकांचं नाव असे. नव्या सुना तोंडात पदर कोंबून बसत. मग काकू वाण म्हणून प्रत्येकीला एकेक रोप देत आणि पुढच्या वर्षी ते जगलं का, हे घरी येऊन बघत. माझी तगर त्यांच्या धाकाने जगली.

सगळ्यांत जास्त छळ व्हायचा तो वखारवाल्या चाचांचा. पनवेलची बैलगाडीची चाकं तेव्हा लांबलांब जायची, आणि चाकं करणाऱ्यांना लाकूड पुरवणारी चाचांची वखार बाजाराच्या तोंडाशीच. काकू भाजी घेऊन येताना तिथे थांबायच्या आणि छत्रीच्या टोकाने एकेक ओंडका ठोकून विचारायच्या, "हे कुठलं?"

"अल्लाकसम भाभी, इथलंच सागवान. कर्नाळ्याच्या बाजूचं."

"आणि कर्नाळ्याच्या रानात काय कुणी राहत नाही?"

"तौबा!" चाचा गल्ल्यावरून उठून आत जायचे. पण नोकराला सांगून काकूंसाठी खुर्ची बाहेर टाकायचे, हेही खरं. खुर्ची कुठल्या लाकडाची, हे विचारल्याशिवाय काकू तिच्यावर बसायच्या नाहीत.

काका ह्या सगळ्यात एका कोपऱ्यात पेपर वाचत असत. फार कमी बोलायचे. "बोर्निओत वीस वर्षं लाकडं मोजली, त्याची शिक्षा भोगतोय," एवढं एकच वाक्य मी त्यांच्या तोंडून पुन्हा पुन्हा ऐकलं. काकू त्यावर म्हणत, "मग? मोजलीतच की."

आता सर्कशीचं सांगते. स्टँडपलीकडच्या मैदानात एक सर्कस उतरली आणि ढोल वाजवत गावभर हँडबिलं वाटून गेली. त्यात वाघ होता, झुल्यावरच्या मुली होत्या आणि खाली मोठ्या ठशात "बोर्निओचा खुंखार वनमाणूस!" झालं. काकूंनी ते हँडबिल चारचौघींसमोर टराटरा फाडलं आणि संध्याकाळी तिकिटाच्या खिडकीपुढे छत्री रोवून उभ्या राहिल्या. "कुणी आत जायचं नाही! तुम्ही तिकीट काढता म्हणून त्यांना धरून आणतात!"

गर्दी थबकली. आमची जिताडेवाली रिकामी पाटी डोक्यावर घेऊन तिथेच उभी होती. ती रोज सकाळी जिताडे, कोळंबी असं मावरं घेऊन आमच्या दारी यायची आणि काकूंवर तिचा भारी जीव. "काकू सांगतान तर खरंच आसंल," ती म्हणाली, "पन मना येकदा बगू तरी द्या, कसा दिसतो त्यो!"

म्यानेजर घाबरला. त्याने हात जोडले आणि काकूंना तंबूच्या मागे नेलं. मागोमाग मी आणि जिताडेवाली. तिथे एका खोक्यावर बोर्निओचा खुंखार वनमाणूस बिडी ओढत बसला होता. डोकं काढून मांडीवर ठेवलेलं, घामाने निथळत होता बिचारा, सांगलीकडचा होता.

"अय्या, माणूस!" काकूंनी टाळीच वाजवली. एवढा आनंद मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता. त्यांनी मला घरी पिटाळून कोकम सरबत आणवलं, समोर उभं राहून त्याला प्यायला लावलं आणि मग म्हणाल्या, "चालून दाखव बघू."

तो चालला. छाती बडवली, दात दाखवले.

"शी! छाती काय बडवतोस? ते गोरिला, आफ्रिकेतले. तिकडचे लोक असला थिल्लरपणा करत नाहीत. मुठी टेकव. हां. आता एका कुशीवर कल. घाई नाही, घाई नाही करायची. आणि राग आला की ओठांचा चंबू करून मुका घेतल्यासारखा आवाज काढायचा."

"मुका?" तो लाजला.

"मुका."

तासभर शिकवणी चालली. मग काकू बाहेर येऊन गर्दीला म्हणाल्या, "जा, खुशाल जा! आत माणूस आहे!" असली जाहिरात कुठल्या सर्कशीची झाली नसेल. सगळं पनवेल आत. आणि त्या गड्याने रिंगणात येऊन, बायकांच्या बाजूला तोंड करून असा काही मुका घेतला की शिट्ट्यांनी तंबू दणाणला. सर्कशीचा मुक्काम लांबला. पुढच्या गावांना हँडबिलात "बोर्निओहून आलेल्या बाईंनी स्वतः शिकवलेला" अशी ओळ गेली म्हणतात. कोकणात आणि मुंबईला, जिथे जिथे ती सर्कस गेली, तिथे पनवेलात एक बाई वनमाणसांसाठी वेडी आहे ही बातमी पोचली. आम्ही मेले खूष. हीच बातमी आम्हाला भोवणार होती.

एका सकाळी मी ओसरीवर धाकट्याला तेल लावत होते. मुंबईच्या गाडीने उतरलेला एक खलाशी वेताची करंडी घेऊन चाळीच्या दारात आला. करंडीवर गोणपाट.

"बोर्निओवाल्या बाई इथंच ना? गोदीवर समद्यांनी सांगितलं. तुमच्यासाठी आणलंय." चांगला हसतमुख पोरगा होता. पाहुण्यांकडे आंब्याची पेटी घेऊन यावं तसा आला होता.

काकूंनी गोणपाट उचललं आणि छत्री तिथेच टाकून खाली बसल्या. आत एक पोर होतं. माझ्या धाकट्याएवढंच. लालसर विरळ केस, म्हाताऱ्यासारखं सुरकुतलेलं कपाळ, नाक शेंबडाने भरलेलं, आणि श्वास घेताना छातीत घुरघुर. त्याने हात वर केला, काकूंचा पदर मुठीत धरला आणि तो काही सोडेना.

"ह्याची आई?" काकूंनी विचारलं.

"आईला पाडल्याबिगर पोर सुटत न्हाय बाई. अंगाला चिकटून असतं." नारळ कसे पाडतात ते सांगावं तसं त्याने सांगितलं.

"मी हे घेतलं तर पुन्हा आणशील?"

"म्हणाल तेवढी! सिंगापूरला हवी तेवढी मिळतात."

काकूंनी डोळे मिटले. "मग मी घेत नाही," त्या म्हणाल्या.

त्याला वाटलं, भाव करताहेत. मग म्हणाला, बघा बुवा, मुंबईत एका शेटजींना बंगल्यात पिंजऱ्यात ठेवायला हवंय, संध्याकाळच्या गाडीने मी परत जाणार. काकू म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत बस. जेव इथेच." आणि पोराला खांद्याशी घेऊन आत गेल्या. पातळ पेज केली, फडक्याची वात करून त्याच्या तोंडात थेंब थेंब पिळायला लागल्या. ते चोखत होतं आणि त्यांच्याकडे टकामका बघत होतं. मला ते बघवेना. कसली ही बाई! जन्मभर ज्यांच्या नावाने गाव डोक्यावर घेतलं, त्यांचं पोर दारात आलंय आणि ही म्हणते, घेत नाही! पैशांची अडचण असणार, दुसरं काय?

मी पदर खोचला. पनवेलात वर्गणी काढायला निमित्त लागत नाही. गणपती म्हणा, भजनाचा तबला म्हणा, कुणाची जळलेली झोपडी म्हणा, एक बाई दारोदार फिरायला लागली की तिच्या मागे आणखी चार निघतात. पण मी पाहिलं ते वेगळंच होतं. चाचांनी मी तोंड उघडायच्या आत गल्ल्यात हात घातला. "भाभींचं बच्चं आलंय ना? न्या, न्या." जिताडेवालीने कमरेची गाठ सोडून सकाळची सगळी विक्री माझ्या ओंजळीत ओतली. "माज्या काकूंचा नातूच हाय त्यो," म्हणाली, "मी बगून आले, नाक बी तसाच हाय." काकूंच्या मागे फिदीफिदी हसणारं गाव, कुणी म्हणून नाही म्हणालं नाही. मला रडू फुटायचं बाकी होतं.

दुपारी मोठ्या रुमालात गाठोडं बांधून आम्ही सगळे अंगणात आलो. काकू पायरीवर बसल्या होत्या, पोर खांद्यावर झोपलेलं. मी गाठोडं त्यांच्या पायाशी ठेवलं. सत्कार समारंभच होता तो म्हणा ना.

"हे ज्याचं त्याला परत कर," काकू म्हणाल्या.

"काकू!"

"परत कर म्हणते ना."

माझा तोल गेला. "आमच्या कानीकपाळी ओरडून आमचं डोकं पिकवलंत आणि आता हे पोर त्या शेटजींच्या पिंजऱ्यात पाठवता? तुमचं प्रेम हे असलं?"

त्या रागावल्या नाहीत. पोर जागं होऊ नये म्हणून हळू आवाजात बोलल्या. "मी तिकडे गेले तेव्हा तुझ्याहून लहान होते. एका लाकूडतोड्याने असंच एक पोर आणून दिलं. मी काय केलं असेल? झबलं शिवलं, तीट लावली, त्या माणसाला साखर दिली, तंबाखू दिली. वस्तीभर झालं, क्लार्कबाईंना पोरं आवडतात. पंधरवडा उलटला नाही तोच दारात आणखी तीन. मी ओरडले, कशाला आणलीत रे? तर म्हणाले, तुमच्यासाठीच. माझ्या कौतुकापायी चार आया मेल्या, बाई. आणि त्या पोरांतलं एकसुद्धा जगलं नाही. आता ह्याला तुम्ही पैसे द्या. हा गोदीवर जाऊन काय सांगेल? पनवेलला चला, तिथे अख्खं गाव वर्गणी काढून घेतं!"

चाचा टोपी काढून डोकं खाजवायला लागले.

"मंग ह्या पोराचा काय?" जिताडेवालीने विचारलं.

काकूंनी पोराच्या पाठीवरून हात फिरवला.

तेवढ्यात काका आतून आले. कोट चढवलेला, टोपी घातलेली. "फौजदारांकडे जाऊन येतो," ते म्हणाले. "बोटीवरून परवान्याशिवाय उतरवलेला माल आहे. वीस वर्षं परवानेच लिहिलेत मी." आणि चपला घालून गेलेसुद्धा. काकू त्यांच्या पाठीकडे बघत राहिल्या. मला वाटतं, त्या संसारात काकांनी न विचारता केलेली ती पहिली गोष्ट असावी.

फौजदार आले तेव्हा खलाशी काकूंच्या स्वयंपाकघरात दुसऱ्यांदा भात वाढून घेत होता. त्याला काही कळेना. फौजदारांनाही फारसं कळत नव्हतं, पण माणूस सज्जन. ओसरीवर बसून त्यांनी हवालदाराला पंचनामा लिहायला सांगितला. पंच म्हणून चाचा.

"लिही," फौजदार म्हणाले. "एक माकड..."

"माकड नाही!" अख्खं अंगण एका आवाजात ओरडलं. मीसुद्धा.

"शेपूट कुटं हाय त्याला?" जिताडेवालीने फौजदारांना झापलं.

शेवटी हवालदाराने लिहिलं, "शेपूट नसलेला, केसाळ, मनुष्यासारखा दिसणारा, जिवंत, नग एक." काकूंनी ते दोनदा वाचून घेतलं आणि मान हलवली.

फौजदार म्हणाले, मुद्देमाल आहे, कस्टमवाले मुंबईहून येईतो तुमच्याकडे ठेवतो, तुम्हीच सांभाळा. आम्ही म्हटलं, झालं, गंगेत घोडं न्हालं! पैसा गेला नाही आणि पोरही राहिलं. तर काकू उभ्या राहिल्या आणि खांद्यावरचं पोर त्यांनी हवालदारापुढे धरलं. पोराने पदर सोडला नाही. तेव्हा त्यांनी लुगड्याचा पदरच टर्रकन फाडून त्याच्या मुठीत राहू दिला.

"माझ्याकडे नको. गोदीवर एवढंच कळेल की शेवटी पोर बाईंना मिळालं. पैसे कुणी दिले, कुणी नाही, हे कोण बघतो? ठाण्यात ठेवा."

मग रोज सकाळी पेजेचा डबा घेऊन काकू ठाण्याच्या व्हरांड्यात जाऊन बसायच्या, त्या दिवस मावळल्यावर घरी. पोर दिवसभर मांडीवर. रात्री हवालदार त्याला आपल्या कोटात घेऊन झोपायचा. तो रात्री रात्री त्याच्याशी बोलतो, असं त्याची बायको सांगत होती. गुरांचे डॉक्टर येऊन बघून गेले. म्हणाले, छाती आधीच भरलेली आहे, ऊब ठेवा. फरशीच्या खोलीत कसली ऊब ठेवणार? कस्टमवाल्यांचा पत्ता नव्हता. आणि एका दुपारी काकू लवकर घरी आल्या, पेज डब्यात तशीच परत घेऊन.

मी रडले, जिताडेवाली रडली. आणि मग मला परत राग आला, आणि मी काकूंना नको ते बोलले. "घरी ठेवलं असतंत, चुलीजवळ, गोधडीत, तर वाचलं असतं."

"वाचलं असतं," काकू म्हणाल्या. "मला काय कळत नाही?" आणि त्यांनी पेज ओतून देऊन डबा घासायला घेतला. घासता घासता त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि हात काही थांबत नव्हते. मी त्यांच्या हातातून डबा काढून घेतला. त्या दिवशी मी त्यांच्याबद्दलचं सगळं हसणं आतल्या आत गिळलं. गावात मात्र लोक बोललेच. दगडाच्या काळजाची म्हणाले. वर्गणी दिलेली माणसं ती, त्यांना बोलायचा हक्क होता.

पुढे कधीतरी त्या खलाशाच्या खटल्याची तारीख लागली. दंड भरून तो सरळ आमच्या चाळीत आला. आता हा भांडणार, म्हणून मी ह्यांना हाक मारली. पण त्याने पायरीशी उभं राहून हात जोडले.

"बाई, माझं पार दिवाळं निघालं. पन आता आमच्या बोटीवर कुणी त्या पोरांना हात लावत न्हाय. गेल्या खेपेला सिंगापूरला तोच विकणारा आला होता, चार पोरं घेऊन. आमच्यातल्या एकानंबी घेतलं न्हाय. समदे म्हणाले, पनवेलची बाई धरून देते."

"ऐकलंत काकू!" मी ओरडलेच. साखर वाटावी असं वाटलं मला. काका पेपर बाजूला ठेवून बाहेर आले. चाळीतल्या बायका जमल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी काकूंना त्यांच्या हट्टाचं फळ दारात आणून दिलं होतं.

काकू खलाशाकडे बघत होत्या. "मग ती चार पोरं कुठे गेली?"

त्याने मान खाजवली. "घेतली असतील दुसऱ्या बोटीवाल्यांनी."

"दुसऱ्या बोटी लागतात गोदीला?"

"रोज लागतात बाई."

काकू आत गेल्या. आम्हाला वाटलं, वाईट वाटून पडल्या असतील. त्या बाहेर आल्या त्या चपला घालून, छत्री घेऊन. "मुंबईची गाडी किती वाजता आहे?" त्यांनी आमच्या ह्यांना विचारलं.

"काकू, अहो, किती बोटींना सांगणार तुम्ही?" हे म्हणाले.

"आज लागली असेल तिला."

मी त्यांना स्टँडवर पोचवायला गेले, एकटी म्हातारी म्हणून. कंडक्टर ओळखीचा. काकूंनी त्याच्याकडून दोन तिकिटं घेतली आणि एक माझ्या हातात दिलं.

"अहो, मी कुठे येतेय? पोरं घरी आहेत माझी!"

"पोरांना आमचे हे बघतील. माझ्या हिंदीत अर्धी तिकडची मलायी भाषा येते, खलाशांना काय कळणार? तू चल."

अशा त्या. विचारायचं नाही, सांगायचं. मी गाडीत चढले. ठाणे शहरावरून फिरून गोदीच्या फाटकाशी पोचेपर्यंत उन्हं कलली होती आणि आमचं अंग आंबून गेलं होतं. गोदीतली कामाची पाळी सुटली होती. खलाशांचा लोंढा बाहेर येत होता, कुणाच्या खांद्यावर पेटी, कुणाच्या हातात पोपटाचा पिंजरा. काकू सरळ त्या लोंढ्यात घुसल्या आणि पहिलाच जो सापडला त्याची बाही धरली. दाढीवाला, दणकट गडी. त्याने वरून खाली ह्या छत्रीवाल्या बाईकडे पाहिलं आणि पिशवीत हात घातला.

"क्या चाहिए माई? घड़ी? सेंट? तोता?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. जन्मात मी रस्त्यावर परक्या पुरुषाशी बोलले नव्हते. मागून माणसं ढकलत होती. मी पदर खांद्यावर ओढून घेतला, पुढे झाले आणि मोठ्याने म्हटलं, "कुछ नहीं चाहिए भाई. वही बोलने को आया है हम लोग."